एकच सीरियल पोर्ट, वाटेकरी अनेक: ट्रस्टेड फर्मवेअर-एच्या कन्सोल व्यवस्थेचं परीक्षण

आर्मच्या एखाद्या ६४ बिटी बोर्डाला सीरियल केबल लावून वीज दिली, की स्क्रीनवर ओळी धावायला लागतात. त्या एकाच तारेवर चार-पाच जण बोलून जातात: चिपमधला बूट रॉम, ट्रस्टेड फर्मवेअर-ए या फर्मवेअरचे बीएल२ (पुढचे टप्पे लोड करणारा) आणि बीएल३१ (लिनक्स चालू असतानाही मागे राहणारा) हे टप्पे, सुरक्षित बाजूला ऑप-टी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ती, मग यू-बूट हा बूटलोडर, आणि शेवटी लिनक्स. हार्डवेअर मात्र एकच असतं, बहुतेक वेळा पीएल०११ किंवा १६५५० जातीचा एक यूएआरटी, म्हणजे सीरियल पोर्ट चालवणारं सर्किट. पाळी बदलताना तो कुणी सुरू करायचा, कुणी सोडायचा, आणि ‘सोडला’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे ठरवणाऱ्या कोडचं हे परीक्षण आहे.

ट्रस्टेड फर्मवेअर-ए, थोडक्यात टीएफ-ए, बीएसडी ३-क्लॉज परवान्याखाली फुकट मिळतं. आर्मने ते २०१३ मध्ये खुलं केलं. सुरुवातीला त्यात एका वेळी एकच कन्सोल, म्हणजे संदेश छापण्याची जागा, धरलेला असे. २०१८ मधल्या १.५ आवृत्तीत अनेक कन्सोल एकत्र सांभाळणारी आजची व्यवस्था आली, आणि २.x मालिकेत तीच एकमेव राहिली. माझं मत आधीच सांगतो: कन्सोल सुरू करण्याचा भाग उत्तम बांधलाय, कमी कोडमध्ये आणि विचारपूर्वक. बंद करण्याचा, दुसऱ्याच्या हाती देण्याचा आणि झोपेतून उठवण्याचा भाग जवळजवळ पूर्णपणे पोर्ट करणाऱ्यावर, म्हणजे हा कोड नव्या बोर्डावर बसवणाऱ्यावर, सोडलाय. हे ध्यानात घेऊन पोर्ट केलं तर व्यवस्था वर्षानुवर्षं त्रास देत नाही. ध्यानात घेतलं नाही तर बोर्ड बूट होतं, चाचण्या पास होतात, आणि मग एक दिवस पॉवरऑफ करताना अडकतं.

आत काय आहे ते पाहू. प्रत्येक कन्सोलसाठी एक छोटा स्ट्रक्चर असतो: पुढच्या कन्सोलचा पॉइंटर, फ्लॅग, अक्षर पाठवणारं फंक्शन, फ्लश करणारं (अडकलेली अक्षरं बाहेर जाईपर्यंत थांबणारं) फंक्शन, बेस पत्ता, आणि त्यापुढे ड्रायव्हरला हवी असेल ती खासगी माहिती. अक्षर वाचणारं फंक्शन मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. ते हवं असेल तर ‘एनेबल_कन्सोल_गेटसी’ हा बिल्ड पर्याय १ करावा लागतो, कारण ईएल३ मध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वाधिक अधिकारांच्या पातळीवर, बाहेरून अक्षरं आत घेणं म्हणजे हल्ल्याला एक दार उघडून देणं. हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे.

फ्लॅगमध्ये तीन स्कोप आहेत: बूट, रनटाइम आणि क्रॅश. संपूर्ण व्यवस्थेची त्या क्षणाची एक अवस्था असते, सुरुवातीला ती ‘बूट’ असते. अक्षर छापताना यादीतला प्रत्येक कन्सोल तपासला जातो आणि ज्याचा फ्लॅग चालू अवस्थेशी जुळतो त्यालाच अक्षर मिळतं. त्यामुळे बूटच्या ओळी एका पोर्टवर, रनटाइमच्या दुसऱ्यावर आणि क्रॅशचा अहवाल दोन्हीवर, अशी कुठलीही मांडणी एका ओळीच्या कॉलने करता येते. चौथा एक फ्लॅग नव्या ओळीच्या आधी कॅरेज रिटर्न घालण्याचा आहे.

पीएल०११ सुरू करायला ‘कन्सोल_पीएल०११_रजिस्टर’ला चार गोष्टी द्यायच्या: बेस पत्ता, यूएआरटीच्या क्लॉकची वारंवारता, बॉड रेट (सेकंदाला किती बिट) आणि स्ट्रक्चरचा पत्ता. ड्रायव्हर आधी यूएआरटी बंद करतो, क्लॉकला ४ ने गुणून बॉड रेटने भागतो, उत्तराचा वरचा भाग पूर्णांक विभाजकात आणि खालचे ६ बिट अपूर्णांक विभाजकात टाकतो, लाइन कंट्रोल रजिस्टरमध्ये ८ बिट शब्द आणि फिफो (अक्षरांची रांग) चालू असं लिहितो, मग यूएआरटी पुन्हा सुरू करतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पीएल०११ मध्ये लाइन कंट्रोल लिहिल्याशिवाय नवे विभाजक लागूच होत नाहीत. २४ मेगाहर्ट्‌झ आणि १,१५,२०० बॉडसाठी भागाकार ८३३ येतो, म्हणजे पूर्णांक १३ आणि अपूर्णांक १. ४८ मेगाहर्ट्‌झला १६६६, म्हणजे २६ आणि २. त्याच ४८ मेगाहर्ट्‌झवर लिनक्सचा ड्रायव्हर १६६७ काढतो, कारण तो जवळच्या अंकाला पूर्ण करतो आणि टीएफ-ए खालचा भाग सोडून देतं. रजिस्टर डंपमध्ये दोघांचे अपूर्णांक वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. फरक इतका किरकोळ आहे की समोरच्या टर्मिनलला कळतही नाही.

स्क्रीनवर कचरा दिसला तर पहिला संशय क्लॉकच्या आकड्यावर घ्या. बोर्डाच्या फाइलीत २४ मेगाहर्ट्‌झ लिहिलेत आणि प्रत्यक्षात ४८ येतायत, असं झालं की पोर्ट दुप्पट वेगाने बोलतो. टर्मिनलचा वेग २,३०,४०० करून पाहा. अक्षरं वाचता आली की निदान झालंच.

स्ट्रक्चर स्टॅकवर ठेवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्याच कामाला जाते आणि यादीत कचऱ्याचा पॉइंटर उरतो. रजिस्टर करणाऱ्या कोडमध्ये यासाठी खास ॲसर्ट, म्हणजे अट मोडली की थांबवणारी तपासणी, आहे: स्ट्रक्चर स्टॅकच्या हद्दीत सापडला की डिबग बिल्ड तिथेच थांबतं. दुसरा ॲसर्ट तोच कन्सोल दोनदा यादीत जाऊ नये म्हणून आहे, त्याकडे पुढे येतोच. दोन्ही ॲसर्ट रिलीज बिल्डमध्ये गळून जातात. पहिले काही महिने रिलीजमध्येही ‘एनेबल_ॲसर्शन्स’ १ ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात आणखी एक सापळा आहे. बीएल३१ मध्ये कन्सोल रजिस्टर होतो तो अगदी आरंभीच्या प्लॅटफॉर्म सेटअपमध्ये, एमएमयू (मेमरीच्या पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) सुरू होण्याआधी. त्या वेळी कुठल्याही पत्त्यावर लिहिलं तरी चालतं, ओळी छान दिसतात. त्यानंतर आर्किटेक्चर सेटअपमध्ये एमएमयू चालू होतो. यूएआरटीचा पत्ता मेमरी मॅपच्या तक्त्यात डिव्हाइस मेमरी म्हणून घातला नसेल तर पुढच्याच अक्षराला ट्रान्सलेशन फॉल्ट येतो, आणि फॉल्टचा अहवाल छापायलाही तोच पोर्ट लागतो, म्हणून पूर्ण शांतता. पहिल्या दोन-चार ओळी आल्या आणि मग काहीच नाही, हे लक्षण दिसलं की आधी मॅप तपासा. बूट आणि रनटाइमसाठी वेगळे पोर्ट वापरत असाल तर दोन्ही पत्ते तक्त्यात हवेत. दुसरा हमखास विसरला जातो.

आता बंद करण्याकडे वळतो.

‘कन्सोल_अनरजिस्टर’ फक्त एकच काम करतो: स्ट्रक्चर यादीतून काढतो. यूएआरटीचं एकही रजिस्टर तो शिवत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे अर्धवट वाटेल, पण सामायिक पोर्टसाठी हेच योग्य आहे. बीएल३१ ने जाताना यूएआरटी बंद केला असता तर त्याच पोर्टवर बोलणारा यू-बूट मुका झाला असता. मात्र याचा अर्थ असा, की फिफोत अडकलेली अक्षरं बाहेर जाईपर्यंत थांबण्याची जबाबदारीही तुमचीच.

ही वाट किती? पीएल०११ च्या जुन्या आवृत्त्यांत फिफो १६ अक्षरांचा होता, आर१पी५ पासून ३२ चा. १,१५,२०० बॉडला एका अक्षराचे १० बिट पाठवायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे भरलेला ३२ चा फिफो रिकामा व्हायला साधारण २.८ मिलीसेकंद. प्रोसेसरच्या हिशेबात हा फार मोठा काळ आहे. तेवढ्यात पुढचं सॉफ्टवेअर येऊन पोर्ट नव्याने सुरू करतं. टीएफ-एचा पीएल०११ ड्रायव्हर सुरू करताना आधी यूएआरटी बंद करतो, पण त्याआधी चालू पाठवणी संपली का हे पाहत नाही. आधीच्या टप्प्याने फ्लश केला नसेल तर त्याची शेवटची ओळ मध्येच तुटते किंवा शेवटची दोन-तीन अक्षरं चित्रविचित्र होतात. टीएफ-एचे स्वतःचे टप्पे एकमेकांना हवाली करताना फ्लश करतात, तिथे सहसा अडचण नसते. तुमच्या प्लॅटफॉर्मच्या फाइलीतले हस्तांतर तपासा. आर्मच्या संदर्भ बोर्डांच्या कोडमध्ये ‘आर्म_कन्सोल_बूट_एंड’ आहे, त्यात दोनच कॉल आहेत: आधी फ्लश, मग अनरजिस्टर. तोच नमुना उचलावा.

फ्लश आणि अवस्था बदलणं यांचा क्रम उलटा पडला तर चूक सापडायला फार वेळ जातो. ‘कन्सोल_फ्लश’सुद्धा चालू अवस्थेशी जुळणाऱ्या कन्सोलांनाच फ्लश करतो. म्हणजे आधी ‘कन्सोल_स्विच_स्टेट’ने रनटाइमला गेलात आणि नंतर फ्लश बोलावला, तर फक्त-बूट स्कोपचा कन्सोल वगळला जातो. कॉल दिसतो, परिणाम शून्य. आधी फ्लश, मग अवस्था बदल, यात तडजोड नाही. हे दोन कॉल जुन्या पोर्टमध्ये प्लॅटफॉर्मच्या रनटाइम सेटअपमध्ये असतात. तुमच्या शाखेत ते नेमके कुठे आहेत, सामायिक कोडमध्ये की बोर्डाच्या फाइलीत, हे शोधून मगच हात घाला, नाहीतर ते दोनदा तरी येतील किंवा एकदाही येणार नाहीत.

अवस्था रनटाइमला गेल्यावर काय होतं तेही लक्षात ठेवा. ड्रायव्हरचं रजिस्टर फंक्शन प्रत्येक कन्सोलला बूट आणि क्रॅश असे दोनच स्कोप देतं. ‘कन्सोल_सेट_स्कोप’ने रनटाइम जोडला नाही तर लिनक्स सुरू झाल्यावर बीएल३१ गप्प बसतं. पुष्कळांना हा दोष वाटतो आणि ते घाईघाईने रनटाइम जोडून टाकतात. खरं तर तो शहाणपणाचा डिफॉल्ट आहे, आणि का, ते लिनक्सबरोबर पोर्ट वाटून घेताना कळतं.

लिनक्सचा पीएल०११ ड्रायव्हर पोर्टचे दोन उपयोग वेगळे मोजतो. टर्मिनल म्हणून पोर्ट उघडला की क्लॉक चालू, बंद केला की क्लॉक बंद. कन्सोल म्हणून ओळ छापायची असेल तर त्या ओळीपुरता क्लॉक चालू करायचा, कंट्रोल रजिस्टर जपून ठेवायचं, छापायचं, बिझी बिट उतरेपर्यंत थांबायचं, रजिस्टर पूर्ववत करायचं आणि क्लॉक सोडायचा. लिनक्सच्या चौकटीत प्रत्येक क्लॉकचा वापर मोजलेला असतो, शेवटचा वापरणारा गेला की तो खरंच बंद होतो. ही मोजणी टीएफ-एला दिसत नाही, आणि टीएफ-ए पोर्ट वापरतंय हे लिनक्सला दिसत नाही.

गेटी (पोर्टवर लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम) चालू असेपर्यंत टर्मिनल उघडं असतं, क्लॉक चालू असतो, सगळं सुरळीत दिसतं. पॉवरऑफ करताना यूजर स्पेस आवरली जाते, टर्मिनल बंद होतं. लिनक्सचा ड्रायव्हर बंद करताना फिफोही बंद करतो, त्यामुळे ३२ ची जागा एका अक्षरावर येते, आणि क्लॉक सोडतो. मग कर्नल पीएससीआयचा (वीज चालू-बंद करायला फर्मवेअरला सांगण्याच्या आर्मच्या मानकाचा) सिस्टिम ऑफ कॉल करतो. टीएफ-ए डिबग बिल्डमध्ये असेल तर लॉग लेव्हल ४० असते, आणि त्या पातळीवर पीएससीआयचा कोड पॉवर डोमेनचा नकाशा छापतो. पोर्ट रनटाइम स्कोपमध्ये असेल तर पहिलं अक्षर आत जातं, पुढच्यासाठी टीएक्सएफएफ (‘पाठवणीची जागा भरली’) बिट उतरण्याची वाट सुरू होते, आणि क्लॉकच नसल्याने तो कधीच उतरत नाही. पाठवण्याच्या लूपमध्ये वेळेची मर्यादा नाही. प्रोसेसर ईएल३ मध्ये कायमचा फिरत राहतो, बोर्डाचे दिवे चालू राहतात, आणि लॉगमध्ये एक शब्द नसतो. रिलीज बिल्डमध्ये लेव्हल २० असल्याने नकाशा छापला जात नाही, फक्त फ्लश होतो, आणि तो बिझी बिट उतरलेला असल्यास लगेच परततो. म्हणून ‘डिबगमध्ये अडकतं, रिलीजमध्ये नाही’ अशी तक्रार आली की लोक कंपायलरवर संशय घेतात. आधी यूएआरटीचा क्लॉक पाहा.

पीएल०११ ला दोन क्लॉक असतात: बसचा आणि बॉडचा. बॉडचा बंद पण बसचा चालू असेल तर वर सांगितलेला अनंत लूप होतो. बसचाही बंद असेल तर रजिस्टर वाचतानाच बस अडकते किंवा एक्स्टर्नल ॲबॉर्ट येतो. चिपनुसार लक्षण बदलतं, कारण तेच.

टीएफ-एला वेगळा, लिनक्सला न सांगितलेला पोर्ट दिला तरी सुटका नाही. कर्नल बूटच्या अखेरीस कुणीही न मागितलेले क्लॉक बंद करतो, त्यात तुमच्या सुरक्षित पोर्टचाही क्लॉक जातो. बूट लाइनमध्ये ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ टाकून अडकणं थांबलं तर निदान पक्कं. पण तो कायमचा उपाय नाही, कारण त्याने सगळेच क्लॉक चालू राहतात. कायमचं करायचं तर क्लॉक ड्रायव्हरमध्ये तो क्लॉक क्रिटिकल (कधीच बंद न करण्याचा) म्हणून नोंदवा, आणि डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलीत) त्या पोर्टची अवस्था ‘रिझर्व्ह्‌ड’ ठेवा. डिव्हाइस ट्रीच्या मानकात ही अवस्था याचसाठी आहे: यंत्र चालतंय, पण फर्मवेअरच्या ताब्यात आहे.

झोप आणि जाग हा दुसरा अवघड घाट. सिस्टिम सस्पेंडमध्ये यूएआरटीची वीज जाते, विभाजक पुसले जातात. बीएल३१ ची मेमरी मात्र शाबूत राहते, म्हणजे यादीत कन्सोल अजून आहे. उठल्यावर पोर्ट पुन्हा सुरू करायला तुम्ही ड्रायव्हरचं रजिस्टर फंक्शन बोलावता. ते हार्डवेअर नीट सुरू करतं, आणि मग तोच स्ट्रक्चर यादीच्या तोंडाशी पुन्हा जोडतं. यादीत तो एकटाच असेल तर त्याचा ‘पुढचा’ पॉइंटर स्वतःकडेच वळतो. यादी संपतच नाही. स्कोप रनटाइम केल्यानंतरची पहिली ओळ छापताना तिचं पहिलं अक्षर अखंड छापत राहतं: रिलीज बिल्डमध्ये ‘नोटिस’ने सुरू होणारी ओळ असेल तर स्क्रीनभर नुसती एन, एन, एन. स्कोप बदलायचा राहिला असेल तर छापणंही नाही, नुसताच अनंत लूप.

डिबग बिल्डमध्ये ॲसर्ट हे पकडतो, पण त्याचा संदेश बहुधा दिसत नाही. रजिस्टर करताना फ्लॅग आधीच बूट-आणि-क्रॅश असे पुन्हा लिहिले गेलेले असतात, व्यवस्थेची अवस्था रनटाइम आहे, त्यामुळे ॲसर्टची ओळ कुठल्याच कन्सोलला लागू होत नाही. यासाठी जेटॅग डिबगर लावून पीसी (प्रोसेसर कुठल्या सूचनेवर आहे ते सांगणारं रजिस्टर) पाहण्याला पर्याय नाही.

उपाय आर्मच्याच संदर्भ कोडमध्ये आहे आणि तो दोन ओळींचा आहे: सिस्टिम डोमेन झोपण्याआधी रनटाइम कन्सोल अनरजिस्टर करायचा, उठल्यावर पुन्हा रजिस्टर करून स्कोप द्यायचा. तिथल्या टिपणीतही हेच कारण दिलंय, की उठताना दुसऱ्यांदा रजिस्टर होऊ नये. इथे माझी या व्यवस्थेबद्दलची मुख्य तक्रार येते. कन्सोलच्या स्ट्रक्चरमध्ये झोप आणि जाग यांसाठी फंक्शन पॉइंटर असायला हवे होते. यादी एकदाच बनली असती, फक्त हार्डवेअर पुन्हा सुरू झालं असतं, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मने हेच दोन कॉल स्वतःच्या फाइलीत लिहिण्याची वेळ आली नसती. इतक्या नेटक्या मांडणीत ही जागा रिकामी राहिली याचं मनापासून वाईट वाटतं.

दुसरी तक्रार छोटी. आधीच्या फर्मवेअरने नीट लावलेला पोर्ट जसाच्या तसा वापरायचा असेल तर १६५५० चा ड्रायव्हर क्लॉक शून्य दिला की सुरुवातीची मांडणी सोडून देतो. सोपं आणि समंजस. पीएल०११ चा ड्रायव्हर मात्र शून्य क्लॉक म्हणजे चूक समजून रजिस्टर करायला नकार देतो. तिथे ‘पीएल०११_जेनेरिक_यूएआरटी’ १ करून बिल्ड करावं लागतं. मग ड्रायव्हर एसबीएसए या आर्मच्या सर्व्हर-मानकातल्या जेनेरिक यूएआरटीमध्ये नसलेलं एकही रजिस्टर शिवत नाही. पण हा पर्याय संपूर्ण बिल्डला लागू होतो, एका पोर्टपुरता नाही.

क्रॅश कन्सोलचं वेगळं कौतुक करायला हवं. अपवाद आल्यावर स्टॅकवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून हा मार्ग पूर्ण असेंब्लीत आहे, आणि क्रॅश स्कोपच्या ड्रायव्हरची पाठवण्याची व फ्लशची फंक्शनंही असेंब्लीत, मोजकीच रजिस्टरं वापरणारी असावी लागतात. सी मध्ये लिहिलेला ड्रायव्हर क्रॅश स्कोपला जोडू नका. तयार मदतनीस फाइल यादीतले क्रॅश स्कोपचे कन्सोल वापरते. त्यामुळे एकही कन्सोल रजिस्टर होण्याआधी क्रॅश झाला तर काही दिसत नाही, आणि लिनक्सने क्लॉक बंद केल्यानंतर झाला तर अहवालच अडकतो. प्रॉडक्टसाठी ‘प्लॅट_क्रॅश_कन्सोल_इनिट’ स्वतः लिहा: क्लॉक चालू करा, रिसेट सोडवा, पोर्ट शून्यापासून लावा. इथे लिनक्सची पर्वा करायची गरज नाही, तो आता परत येणार नाहीये. आणि ‘क्रॅश_रिपोर्टिंग’ फक्त डिबगमध्ये आपोआप चालू असतं. रिलीजमध्ये अहवाल हवा तर ते हाताने १ करा.

वाटणीचा प्रश्न हार्डवेअरमध्येच सोडवलेलं एक उदाहरण याच कोडमध्ये आहे. एनव्हिडियाच्या टेग्रा १९४ मध्ये प्रत्यक्ष पोर्टचा ताबा एसपीई नावाच्या छोट्या प्रोसेसरकडे असतो, आणि बाकीचे सगळे त्याला मेलबॉक्समधून अक्षरं देतात. शब्दाचा वरचा बिट घंटा वाजवतो, त्याखाली अक्षरांची संख्या, आणि खाली स्वतः अक्षरं, एका शब्दात जास्तीत जास्त तीन. लिनक्सने काय बंद केलं याने टीएफ-एला फरक पडत नाही, कारण पोर्टचा मालक तिसराच आहे. शिवाय टीएफ-एमधला हा ड्रायव्हर मेलबॉक्स मोकळा होण्याची मर्यादित वेळच वाट पाहतो. एसपीई उत्तर देत नसेल तर अक्षर जातं, पण बोर्ड चालत राहतं. पीएल०११ आणि १६५५० च्या ड्रायव्हरांनाही अशी मर्यादा असती तर या परीक्षणातले निम्मे परिच्छेद लिहावे लागले नसते.

नवा बोर्ड उभा करत असाल तर अशी मांडणी सुचवेन. लिनक्सबरोबर सामायिक असलेल्या पोर्टला बूट आणि क्रॅश एवढेच स्कोप ठेवा. रनटाइमचे लॉग खरोखर हवे असतील तर दुसरा पोर्ट द्या, त्याचा क्लॉक क्रिटिकल करा, डिव्हाइस ट्रीत रिझर्व्ह्‌ड ठेवा. दुसरा पोर्ट नसेल तर रनटाइमला गप्प बसणं पत्करा. अनेक कोअर एकाच वेळी बीएल३१ मधून छापायला लागले तर ओळी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे तसेही ते लॉग वाचनीय राहत नाहीत.

चाचणीसाठी क्यूएमू हा एम्युलेटर सोयीचा आहे. ‘व्हर्ट’ मशीन सुरक्षित बाजू चालू करून घेतलं की हेक्स ०९०००००० वर सामान्य आणि हेक्स ०९०४०००० वर सुरक्षित असे दोन पीएल०११ मिळतात, आणि दोन सीरियल पर्याय देऊन दोन वेगळे लॉग काढता येतात. स्कोप, अवस्था बदल, दोनदा रजिस्टर होणं, मॅपमधला विसरलेला पत्ता, हे सगळं तिथे पकडता येतं. क्लॉक बंद होणं, बॉड चुकणं आणि फिफोत अडकलेली अक्षरं मात्र तिथे दिसत नाहीत, त्याला खरा बोर्डच हवा. त्यावर लॉग लेव्हल ५० ने बिल्ड करा, म्हणजे पीएससीआयच्या वाटेवर भरपूर छापलं जाईल. मग त्या पोर्टवरची गेटी थांबवा, एसएसएचने आत जा, सिसएफएसमधून एक कोअर ऑफलाइन करून परत आणा, मेमरीत सस्पेंड करून उठवा, आणि शेवटी पॉवरऑफ. चारही टप्पे पार पडले, तर त्याच बिल्डमध्ये सामायिक पोर्टला तात्पुरता रनटाइम स्कोप जोडून पुन्हा एकदा फेरी मारा. आता अडकलं तर तुमच्या चिपवर लिनक्स पोर्टचा क्लॉक खरोखर तोडतो, आणि क्रॅश कन्सोलच्या सुरुवातीला तो क्लॉक चालू करण्याचा कोड लिहिणं अनिवार्य आहे.